परत ठेवलेला हात

म्हाताऱ्याने माझा हात अलगद उचलून माझ्याच मांडीवर परत ठेवला आणि मी उठून पळाले. खरं तर दुखत होता तो दात. हाताला काहीच झालेलं नव्हतं. एकोणसत्तर साल, घाटकोपरच्या भाजी गल्लीच्या तोंडाशी चिनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना, बाहेर पाटीवर रंगवलेली बत्तिशी, तीही अशी की बघणाऱ्यालाच चावेल. दुपारची वेळ. डॉक्टर ल्याओ आतल्या खोलीत जेवायला बसलेले, आलं-लसणीचा वास बाहेरपर्यंत येत होता, आणि बाकावर मी एकटी, गालाला पदर दाबून. कोपऱ्यात वेताच्या खुर्चीवर डॉक्टरांचा सासरा. हा आसामातला चिनी, तिकडे त्याचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं म्हणे. बासष्टच्या लढाईत सरकारने नवरा-बायको दोघांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटला तेव्हा दुकानही नव्हतं नि बायकोही, म्हणून लेकीकडे येऊन राहिला. हे सगळं मला समोरच्या भाजीवाल्याने कोथिंबिरीसोबत दिलेलं. तो म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. सुजलेल्या गालाकडे नव्हे हं, डोळ्यांखाली, कानाच्या पाळ्यांकडे, शिंपी कापड बघतो तसा. मग खुर्ची सरकवत जवळ आला, गुडघ्यावर कणकेच्या गोळ्याएवढी एक उशी ठेवली आणि हात पुढे केला. मला वाटलं, कंटाळलाय बिचारा, मीही कंटाळलेय. फुकट मिळणारी गोष्ट मी आयुष्यात नाकारलेली नाही. दिला हात.

त्याने एका बोटाने माझ्या बांगड्या मागे सारल्या, एकही वाजू न देता. मनगटावर तीन बोटं ठेवली. आधी नुसती टेकवली, मग जरा दाबली, मग अशी खोल नेली की विहिरीत पडलेला तांब्या गळाने शोधतोय. डोळे मिटलेले. श्वास इतका संथ की त्याच्याबरोबर मीही तसाच घ्यायला लागले आणि मला गुंगी आल्यासारखं झालं. मग त्याने डावा हात सोडून उजवा मागितला, तिथे मी जागी झाले. आमच्याकडे बाईचा डावा हात बघतात, पुरुषाचा उजवा. डाव्यात असेल ते असेल, बाईच्या उजव्यात कोणी कशाला जातंय? याला डाव्यात काहीतरी सापडलं, आता उजव्यात खात्री करून घेतोय, असं माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग त्याने स्वतःची जीभ काढून दाखवली. मला हसू आलं. मीही काढली. त्याने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, वाकून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुकानाची फळी लागावी तसं काहीतरी बंद झालं. पुन्हा मनगट धरलं. पुन्हा जीभ. आणि मग तो हात, माझ्या मांडीवर, परत. स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मी उठले, दूध गॅसवर राहिलंय असं भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं आणि दात तसाच घेऊन रस्त्यावर आले.

हात परत ठेवायची ती तऱ्हा मी आधी एकदा बघितलेली होती. रेवदंड्याला आमच्या माहेरी हरेश्वर वैद्य होते. त्यांच्याबद्दल मी जे सांगते ते सगळं खरं आहे, चार आणे वरखाली. नाडी धरून ते सांगायचे की परवा कोणाकडे जेवलात आणि आमटीत मीठ कमी होतं. एकदा त्यांनी माझ्या काकाची नाडी धरली आणि म्हणाले, फणसाचे गरे चोरून खाल्लेस, त्यातला एक कच्चा होता. काकाच्या बैलाचीसुद्धा नाडी बघितली त्यांनी, बैल लाजला. असा माणूस. तो माझ्या आईच्या खाटेपाशी बसला होता, आईला आठवडाभर धडधडत होतं, मधूनच घामाने भिजायची, आणि आम्ही मुलं दारात उभी होतो, आता वैद्यबुवा काय मजा सांगतात म्हणून. त्यांनी काहीच सांगितलं नाही. आईचा हात उचलला आणि तिच्या छातीवर परत ठेवला, तेलाने भरलेली पणती ठेवावी तसा. बाहेर येऊन वडिलांना म्हणाले, पथ्य आता काही नको, खाऊ दे काय हवं ते. मला आनंद झाला होता. त्या दिवशी मी आईसाठी आंबोळ्या मागितल्या आणि त्यातल्या निम्म्या मीच खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात आई गेली. सत्तेचाळिसावं लागलं होतं तिला. आणि भाजी गल्लीतून पंतनगरच्या आमच्या बिल्डिंगपर्यंत चालत येताना, सायकली, टांगे, कोबीचा पाला, कुणीतरी अंगावर टाकलेलं पाणी, या सगळ्यात मला एवढंच दिसत होतं की मलाही सत्तेचाळिसावं लागलंय, मलाही महिनाभर अंगातून मधूनच वाफ निघते, उभ्या उभ्या घाम फुटतो, छातीत कुणीतरी पायरीवर पायरी चढतं. आतापर्यंत मी म्हणत होते, वय झालं, बायकांना होतं. आता ते आईचं झालं.

घरी कोणाला सांगायचं? आमचे हे सचिवालयात, बोलणं मोजून मापून, साहेबांच्या फाइलवर शेरा मारावा तसं: ठीक, बघू, मीठ द्या. मुलगा नंदकुमार फिरतीच्या नोकरीवर. सून अनुपमा नवी नवी, बी.ए. झालेली, आणि माझी ख्याती तिच्या माहेरपर्यंत पोचलेली. आदल्या वर्षी मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं की आरे कॉलनीच्या जंगलात माझ्या पायाला नाग चावला आणि नागच मेला. लोकांनी ते कौतुकाने ऐकलं होतं, पुन्हा सांगायला लावलं होतं. अशा बाईने सांगायचं की एका चिन्याने मनगट धरलं आणि मी आता जाणार? बिल्डिंगमधल्या बायका हसून हसून लोटपोट झाल्या असत्या. पण खरी गोष्ट ती नाही. मी स्वयंपाकघरात एकटीने सांगून बघितलं, कढईला. एरवी मी तोंड उघडलं की गोष्ट आपोआप वाढते, शेपूट फुटतं, शिंगं फुटतात. ही वाढेना. म्हातारा, उशी, तीन बोटं, हात परत. संपली. जिला वाढवता येत नाही अशी पहिलीच गोष्ट माझ्या वाट्याला आली होती, आणि तिच्यात मी मरत होते.

मग मी जीभ बघायला लागले. सत्तेचाळीस वर्षांत कधी बघितली नव्हती, वापरण्यातच वेळ गेलेला. न्हाणीघरात यांचा दाढीचा आरसा होता. त्यात जीभ काढली आणि मला भोवळ आली. काळी. मध्ये काळी, कडेला तपकिरी, तव्याचं बूड. माझा दात इतका ठणकत होता की त्या दवाखान्यात पुन्हा पाय टाकायचा नाही म्हटल्यावर माझ्याकडे इलाज एकच उरला होता, मिश्री. तंबाखू तव्यावर जाळून केलेली पूड, दाताला हिरडीला बोटाने घासायची, पाच मिनिटं सगळं शांत. लग्नाच्या आधीपासून लावत आलेय. बी.ए. सून आल्यापासून मात्र डबी न्हाणीघराच्या झरोक्यात विटेमागे. ती डबी भरून द्यायची माहुलची पुतळाबाई. मासे घेऊन यायची, टोपलीत पापलेटाखाली कागदाची पुडी. तर दात ठणकला की मी मिश्री लावायची, लावून झाली की आरशात जीभ बघायची, कालच्यापेक्षा काळी, छाती धडधडायला लागायची, धडधडली की दात जास्त ठणकायचा, म्हणून पुन्हा मिश्री. दिवसातून कितीदा तरी. आज कोणीही म्हणेल, काय बाई वेडी. पण भीतीला नाक असतं, डोळे असतात, डोकं नसतं. आणि मिश्रीला मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. ती औषध. औषधाने कोणाची जीभ काळी होते? काळी होते ती मरणाने.

धडधड कुठे कुठे ऐकू यायची! उशीत, तांदूळ निवडताना सुपात, दुधाच्या बाटलीचं झाकण काढताना अंगठ्याच्या पोटात. दाताला तर स्वतःची वेगळी नाडी फुटली होती. आत इतका आवाज असताना बाहेर बोलायला जागाच राहिली नाही. सकाळी आरेच्या दूध केंद्रावर बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका माझ्यासाठी जागा ठेवायच्या, गोष्ट हवी म्हणून, मी नुसती मान हलवायची. पुतळाबाईने टोपली उतरवली नि म्हणाली, "काय गो बाय, आज गोष्ट नाय?" मी म्हटलं, दात दुखतोय. तिने पुडीत चिमूटभर जास्त घातली. मी अनुपमेला लोणच्याच्या बरण्या कुठल्या वर्षीच्या, गोडा मसाला कोणत्या डब्यात, यांना कोणत्या डाळीने पोटात वारा धरतो, हे सगळं दाखवायला लागले. कपाटाच्या किल्ल्या दिल्या. तिची भाजी चांगली झाली असं म्हटलं. ती घाबरली. माझ्या सुनेला माझ्या चांगुलपणाची भीती वाटावी, आणि ती तिने तोंडावर दाखवू नये, आम्ही दोघी एकमेकींना लाडू वाढतोय, असं घर झालं होतं. हे जेवताना मधूनच माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा ताटात. बोलायला तोंड उघडतायत असं वाटायचं, पण आत घास जायचा.

शेवटी दातानेच मला हलवलं. गाल असा फुगला की डावा डोळा दिसेना. मी अनुपमेला सांगितलं बाजारात जाऊन येते, आणि निघाले. मनाशी म्हटलं, मरायचं तर मरू, पण हा ठणका बरोबर घेऊन कशाला? वर गेल्यावर आई विचारेल, काय गं गालात काय लपवलंयस. चालताना पहिल्यांदा मला आईचा चेहरा जसाच्या तसा आठवला, आंबोळीचा तुकडा हातात धरलेला, खात नव्हती, मला खाताना बघत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं तिला कळलं नव्हतं. त्या कोबीच्या गल्लीत, एका डोळ्याने बघत, मला कळलं की तिला कळलेलं होतं, आणि तरी ती मजेत होती. मी का नाही? मी तर रोज नागाला मारणारी.

दवाखान्याच्या पायरीवर म्हातारा बसला होता. आत कोपऱ्यात नव्हे, बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघत. मला बघितलं आणि उठायला गेला तर त्याच्या चपला एकीकडे, तो एकीकडे. माझं मनगट धरलं, तिथेच, पायरीवर, बांगड्यांसकट, आणि आत बघून मोठ्याने हाका मारायला लागला. डॉक्टर ल्याओ हातात चिमटा घेऊन धावत आले. जन्म भायखळ्याचा, बोलणं आपल्यासारखंच.

"मावशी, कुठे होता तुम्ही? या म्हाताऱ्याने माझं डोकं खाल्लं यार. रोज एकच, ती बाई आली का, निळ्या लुगड्यातली. मी म्हटलं घाटकोपरला निळी लुगडी काय कमी आहेत? जेवत नाही धड. म्हणतो, मी तिला जाऊ द्यायला नको होतं."

मी बाकावर बसले आणि म्हटलं, "किती दिवस आहेत माझे, ते सांगा आणि दात काढा."

डॉक्टरांनी सासऱ्याकडे बघितलं, सासऱ्याने माझ्या तोंडाकडे बोट केलं. मला खुर्चीत बसवलं, दिवा डोळ्यांवर आणला, आ करायला लावलं. आणि डॉक्टर थांबले. माझ्या तोंडाजवळ नाक आणून त्यांनी वास घेतला. मग कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, माझी जीभ फडक्यात धरली आणि खसाखसा पुसली, एक बोळा, दुसरा, तिसरा. काळे बोळे ताटलीत पडत गेले. सासऱ्यापुढे ताटली धरून त्यांनी त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं, बोटाने दात घासून दाखवलं. म्हाताऱ्याने बोळा उचलला, हुंगला, उजेडात धरला. माझी जीभ बघितली. गुलाबी, लहान मुलीसारखी. हे मी वाढवून सांगत नाही, डॉक्टरांनी मला नंतर आरसा दिला. म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, ठसक्यात डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं, पण ते थांबेना. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की तो आता हसत नाहीये.

डॉक्टरांनी मग हळूहळू सांगितलं. नाडीने त्या दिवशी म्हाताऱ्याला सांगितलं होतं की बाई ठीक आहे, तळ पक्का आहे, वरच्या अंगाला जरा तार ताणलेली, ती दुखण्याची. जिभेने सांगितलं की बाई चालली. त्यांच्या विद्येत असं होतं म्हणे कधी कधी, दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात, मग एकाचं ऐकून दुसऱ्याला गप्प करावं लागतं. हाताचं ऐकायचं की जिभेचं, यातच वैद्याची परीक्षा. "याने जिभेचं ऐकलं," डॉक्टर म्हणाले, "कारण देवळीला माझ्या सासूची जीभ अशीच काळी झाली होती, शेवटी. तेव्हा याने नाडीचं ऐकलं होतं. म्हणत होता, बरी होशील."

मी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. मला इतके दिवस वाटत होतं की या सबंध घाटकोपरात मी एकटी माझं मरण घेऊन हिंडतेय, आणि हा माणूस त्याचं दुसरं टोक धरून पायरीवर बसलेला. मी त्याला हात दिला, डावा आणि उजवा दोन्ही एकदम. त्याने एकेक करून बघितले, घाई केली नाही. पुन्हा तो संथ श्वास, पण या वेळी मला गुंगी आली नाही, मला त्याच्या बोटांखाली माझं रक्त आपलं आपण चाललेलं कळत होतं, कुणाला न विचारता. त्याने डॉक्टरांकरवी दोन-चार प्रश्न विचारले. घाम कधी येतो, तहान लागते का, पाळी कशी. मला लाज वाटली, पण उत्तरं दिली. वाफ वयाची आहे, म्हणाला, वर्ष-दोन वर्षांत जाईल. धडधड निम्मी वयाची, निम्मी भीतीची, आणि भीतीने जास्त मिश्री, मिश्रीने जास्त धडधड. मग मी मूळ प्रश्न विचारला. म्हटलं, माझी आई याच वयात गेली, असाच घाम, अशीच धडधड, ते दिसतंय का या हातात?

डॉक्टरांनी विचारलं. म्हाताऱ्याने बोटं काढली नाहीत. बराच वेळ ऐकलं. मग एक वाक्य बोलला आणि डॉक्टरांनी ते मराठीत आणताना दोनदा थांबून शब्द शोधले. "तो म्हणतो, आईची नाडी आईबरोबर गेली. ही तुमची आहे. आत्ताच भेटली त्याला."

आणि माझा हात सोडताना त्याने तो परत ठेवला नाही. नुसती बोटं काढून घेतली, आणि हात तिथेच हवेत राहिला, उघडा, काहीतरी मागत असल्यासारखा. मीच तो मग डोळ्यांना लावला.

दात निघाला तेव्हा मला काही कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी खड्ड्यात कापसाचा भला मोठा बोळा कोंबला, दाबून धरा म्हणाले, अर्धा तास बोलायचं नाही. बाहेर पडले तर शनिवारची दुपार, शाळा सुटलेली, गल्लीत कैऱ्या आलेल्या. मला प्रत्येक माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं आणि तोंडात कापूस. भाजीवाल्याने काय झालं विचारलं, मी हात हलवून असा काही नाच केला की त्याने दोन कैऱ्या जास्त टाकल्या.

शनिवार म्हणून हे लवकर घरी आले होते. अनुपमा शेजारी शिवणाला गेलेली. मी दारात उभी, गाल सुजलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून रक्ताचा थेंब, आणि डोळे हसरे. यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी हातातून घेतली, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर चौरंगावर बसले. मी बोट दाखवून सांगितलं, दात काढला, बोलायचं नाही. ते म्हणाले, ठीक. मी वाट बघत होते की आता पेपर उघडतील.

"तू बोलेनाशी झालीस ना," ते म्हणाले, "तेव्हा मला ऑफिसात काही सुचेना."

एवढं सांगून ते थांबले, मला वाटलं झालं. पण मी मध्ये बोलू शकत नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेत यांना पुढे जावंच लागलं. ते दूध केंद्रावर जाऊन बायकांना विचारून आले होते की हिला कुणी काही बोललं का. हे, जे शेजाऱ्याला नावाने ओळखत नाहीत. माझ्या वडिलांना पत्र टाकावं की काय असं मनात होतं, मग आठवलं की ते वारून दहा वर्षं झाली. मग काही सुचेना म्हणून त्यांनी ठरवलं होतं की घरात कुणीतरी गोष्ट सांगायला हवी, आणि रोज येताना ते एक तयार करायचे, आणि जेवताना सांगायला जायचे, आणि राहून जायची. म्हटलं ती सांगा, म्हणजे हाताने म्हटलं. ते घसा खाकरून सांगायला लागले. त्यांच्या खात्यात एक काशीराम शिपाई होता, त्याची छत्री एका सेक्रेटरीसाहेबांनी चुकून नेली, तर ती छत्री साहेबांच्या घरी उघडेचना. साहेबांनी ओढली, साहेबांच्या बायकोने ओढली, शेवटी दोन पोलीस बोलावले. इथे यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "दोन नाही, चार."

माझ्या छातीत आता काही चढत नव्हतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, कैऱ्यांचा वास, आणि हे पोलिसांची संख्या वाढवत चाललेले. आगीचा बंब येतोय असं म्हणाले तेव्हा कापूस काढायची वेळ कधीच टळून गेली होती. मी काढला नाही.